रुग्णशय्येजवळचे हात : कक्षसेवकाचे काम आणि त्याचे शिक्षण

शासकीय रुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात 'मावशी' आणि 'मामा' या दोन हाका दिवसभर ऐकू येतात. आस्थापनेच्या कागदपत्रांत या व्यक्तींची पदनामे आया, कक्षसेवक, परिचर अशी असतात. लोकांच्या बोलण्यात त्यांना वॉर्डबॉय किंवा आयाबाई म्हटले जाते. रुग्णाला उठवणे-बसवणे, अंग पुसणे, भरवणे, मलपात्र देणे, चादर बदलणे, स्ट्रेचरवरून तपासणीस नेणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे आणि प्रसंगी मृतदेह आदराने गुंडाळून नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यास मदत करणे, ही सारी त्यांची कामे होत. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा फेरी घेतात, परिचारिकेकडे अनेक खाटा असतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या शरीराला दिवसभरात वारंवार लागतात ते या कर्मचाऱ्यांचे हात.

असे असूनही हे काम 'बघून बघून येते' अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ आहे. नवा सेवक जुन्या सेवकाबरोबर चार दिवस फिरतो आणि त्याचे शिक्षण संपले असे मानले जाते. ही समजूत रुग्णाला आणि खुद्द सेवकालाही किती महाग पडू शकते, हे नीट पाहणे अगत्याचे आहे.

कुशीवर वळवण्यामागचे शास्त्र

अंथरुणाला खिळलेला रुग्ण तासन्‌तास एकाच बाजूवर पडून राहिला, तर हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि मांस मरू लागते. माकडहाड, खुबा, टाचा, कोपरे ही त्याची नेहमीची ठिकाणे. प्रथम तेथे लालसरपणा येतो आणि बोटाने दाबले तरी तो जात नाही. सावळ्या वर्णाच्या रुग्णात लाली दिसत नाही. तेथे कातडी अधिक काळपट, गरम किंवा कडक लागते. ही खूण ओळखून परिचारिकेस त्याच वेळी सांगितले, तर शय्याव्रण टळू शकतो. दुर्लक्ष झाले, तर जखम हाडापर्यंत पोहोचते आणि मूळ आजारापेक्षा तीच जिवावर बेतू शकते.

यावरील उपाय खर्चाचा नाही. सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी. चादर ओली किंवा चुणीदार राहू देऊ नये. रुग्णाला वर सरकवताना ओढू नये, कारण घासल्याने कातडी सोलवटते. अंगाखालील चादरीच्या साहाय्याने दोघांनी मिळून त्याला उचलून घ्यावे. प्रत्येक वेळी किती वाजता कूस बदलली याची नोंद ठेवावी, म्हणजे पाळी बदलली तरी काम खंडित होत नाही.

अशा चिकाटीच्या शुश्रूषेचे एक उदाहरण मुंबईतच घडले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये रुग्णालयातच झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या अवस्थेत होत्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत सुमारे बेचाळीस वर्षे तेथील परिचारिका व सेवकवर्गाने त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतकी वर्षे शय्येवर असूनही त्यांना शय्याव्रण झाले नव्हते, ही बाब त्या वेळी विशेषत्वाने पुढे आली. ही किमया औषधाची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांनी पाळलेल्या नियमाची होती.

हात, सुई आणि रंगीत पिशव्या

एका रुग्णाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याकडे जाण्याचा मोठा मार्ग म्हणजे सेवा करणाऱ्याचे हात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, कोणत्याही निर्जंतुक कामापूर्वी, रक्त वा मलमूत्राशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेला किंवा भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबणाने हात धुण्यास चाळीस ते साठ सेकंद द्यावे लागतात. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज उरत नाही, हा समज चुकीचा आहे. तेच मोजे घालून चार खाटांवर फिरणारा सेवक चौघांत जंतू वाटत असतो.

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम देशात प्रथम १९९८ मध्ये झाले व २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. रक्ताने भिजलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, सुया व पाती टोक आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या पात्रात, अशी विभागणी आहे. लाल पिशवीत चुकून पडलेली एक सुई पुढे पिशवी उचलणाऱ्याच्या हातात शिरते. त्या सुईतून कावीळ ब किंवा एच. आय. व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो.

सुई टोचल्यास जखम पिळू नये, तोंडात धरू नये. वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे. एच. आय. व्ही. प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर सुरू होतील तितकी उपयुक्त ठरतात. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग होईल असे धरता येत नाही. नोकरी जाईल या भीतीने घटना लपवणारा सेवक हा अवधी गमावून बसतो. कावीळ ब ची लस सहा महिन्यांत तीन मात्रांनी पूर्ण होते. कचरा हाताळणाऱ्या सर्वांना ही लस देणे, तसेच नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणे २०१६ च्या नियमांनी रुग्णालयांवर बंधनकारक केले आहे. सेवक कायम आहे की कंत्राटदाराचा, यावरून सुई भेदभाव करीत नाही; लस देतानाही तो होता कामा नये.

माहितीअभावी होणारे अपघात

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर एम. आर. आय. यंत्राच्या खोलीत नेण्यात आला. यंत्रातील प्रबळ चुंबकाने तो क्षणार्धात आत खेचला आणि सिलिंडर धरून असलेल्या रुग्णाच्या तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला. डॉक्टरांबरोबर कनिष्ठ सेवकांवरही गुन्हा नोंदवण्यात आला. खोलीबाहेर यंत्र बंद दिसले तरी त्याचे चुंबक सदैव जागे असते, हे एक वाक्य तेथे वावरणाऱ्या प्रत्येकास माहीत असणे का आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

याहून साधे अपघात तर नित्याचे असतात. स्ट्रेचरच्या चाकांना अडसर न लावता रुग्णाला त्यावर घेणे, बाजूचे कठडे खाली ठेवणे, कमरेतून वाकून एकट्यानेच वजन उचलणे यांतून रुग्ण पडतो किंवा सेवकाची पाठ कायमची अधू होते. सपाट जागी रुग्णाचे पाय पुढे ठेवून न्यावे, चढावर डोके पुढे ठेवावे. उचलताना गुडघ्यांत वाकावे व भार अंगाजवळ घ्यावा. ही तंत्रे एका दिवसात शिकवता येतात, परंतु ती कोणी तरी शिकवावी लागतात.

कामाची मर्यादा

इंजेक्शन देणे, औषध देणे, सलाइन बदलणे ही सेवकाची कामे नव्हेत. मनुष्यबळ अपुरे असले की ती त्याच्याकडे सरकवली जातात आणि चूक झाल्यास जबाबदारीही त्याच्याच माथी येते. सेवकाने नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्यावा आणि वरिष्ठांनी त्या नकाराचा मान राखावा.

याच संदर्भात शिक्षकांवर एक महत्त्वाची जबाबदारी येते. कौशल्य विकास योजनांत 'जनरल ड्यूटी असिस्टंट' या नावाचा अभ्यासक्रम आहे. तो रुग्णसाहाय्यकाचा आहे. परिचारिका होण्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील ए. एन. एम. चा दोन वर्षांचा किंवा जी. एन. एम. चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. सहा महिन्यांच्या वर्गाला 'नर्सिंग' असे नाव देऊन कोणी मोठे शुल्क मागत असेल, तर पालकांनी प्रथम मान्यतेचा कागद पाहावा. गावातील मुलीचे पैसे आणि वर्षे वाया जाण्यापूर्वी हा सल्ला तिला शाळेतच मिळावयास हवा.

लोकप्रतिनिधींनी काय विचारावे?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधींना स्थान आहे. इमारतीचा रंग आणि औषधांचा साठा यांबरोबर त्यांनी आणखी काही प्रश्न विचारावेत. हात धुण्याच्या जागी पाणी व साबण आहे काय? सेवकांना लस मिळाली काय? हातमोजे त्यांच्या मापाचे आहेत काय? सुई टोचल्याच्या घटनांची नोंदवही आहे काय? या वर्षीचे प्रशिक्षण कोणत्या दिवशी झाले? उपकेंद्रात राबणारी अंशकालीन स्त्री परिचर या यादीतून सुटू नये.

महाराष्ट्राला रुग्णसेवेची थोर परंपरा आहे. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाची बाधा झाली व त्यातच त्यांचे निधन झाले. मलमूत्र उचलण्याच्या कामास हलके लेखणाऱ्या समाजाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते. त्या परंपरेचा खरा मान राखावयाचा, तर हे काम करणाऱ्यास आदराबरोबर शिक्षण, लस आणि साबणही दिला पाहिजे. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा एक विषय सहज बसू शकेल.