आधी कादंबरी, मग प्रस्तावना

काल फोनवर तू फारच तापली होतीस, म्हणून मी गप्प बसले. आता अण्णा झोपलेत, गेलेली लाईटही आलीय, सावकाश सांगते.

रूममेटशी अबोला धरलास, तो कशावरून? तर ‘छावा’तलं एक वाक्य संभाजीराजे खरंच बोलले की नाही, यावरून! अगं, ती शिवाजी सावंतांची कादंबरी. १९७९ ची. राजांना जाऊन तेव्हा तीनशे वर्षं होत आली होती.

चिडू नको, मीही यातून गेलेय. ‘स्वामी’ वाचून मी दोन दिवस धड जेवले नव्हते, आईला विचार. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयानं गेले, रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. पण त्या दोघांचं खोलीतलं बोलणं टिपायला तिथं कुणी कारकून थोडाच बसला होता? ते रणजित देसाईंनी रचलं, आणि असं रचलं की आपण दाराआड उभं राहून ऐकायलोत असंच वाटतं. कादंबरीकाराचं कामच ते. त्यावर रडावं खुशाल, पण भांडायचं तर कागद दाखवावा लागतो बाई.

हे मला कुणी शिकवलं? आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी. ते १९८२ लाच गेले, मी त्यांना कुठून बघणार! पण देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना आहे. तीच, जी तू भराभरा उलटून पुढं गेलीस. पीपल्स कॉलेजातला हा माणूस त्यात शिवाजी महाराजांची आरती ओवाळत बसत नाही. राजा गेल्यावरही लोक औरंगजेबाशी वर्षानुवर्षं का लढत राहिले, असले प्रश्न घेऊन बसतो. कादंबरीच्या आधीच छापलीय, तरी तू ती नंतर वाच. गोष्टीची नशा उतरली की मग तिची गोडी कळते.

आणि बायोलॉजीच्या पुस्तकात रहस्यकथा लपवतेस ते मला ठाऊक आहे. लपवू नको, लाजूही नको. बाबुराव अर्णाळकरांनी हजारावर लिहिल्या, त्या लोकांनी वाचल्याच ना! ‘दुनियादारी’ पाहून हुंदके दिलेस, त्याच सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास मी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलाय. (मार्क विचारू नको.) फक्त खुनी कळला की पुस्तक संपलं. दुसऱ्यांदा हातात धरवत नाही.

खऱ्या हकिकतींचं तसं नाही. ‘एक होता कार्व्हर’ मी तीनदा वाचलंय. आणि धडधडच हवी असेल तर लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात, बिलोलीकडं अर्जापूरला, १९४६ साली निजामाविरुद्ध लढणाऱ्या गोविंदराव पानसरेंना मारलं. देश स्वतंत्र झाला तरी आपण निजामातच; १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. आजी निजामाच्या बाजूच्या रझाकारांचं नाव निघालं की घरातसुद्धा आवाज खाली करायची, आठवतं? तिनं अर्धवट सोडलेलं पुष्कळ काही मला अनंत भालेरावांच्या हैदराबाद लढ्यावरच्या पुस्तकात सापडलं.

शनिवारी शेजारचे काका लातूरला यायलेत. त्यांच्यासोबत ते पुस्तक आणि धपाटे पाठवते. पुस्तक परीक्षेनंतर उघड. धपाटे त्याच दिवशी खा, आणि निम्मे त्या पोरीला दे.