पृष्ठवंश-शल्यचिकित्सकाचे उच्च शिक्षण

मनुष्याचा पृष्ठवंश सामान्यतः ३३ मणक्यांचा बनलेला असतो. मानेत ७, पाठीत १२ व कमरेत ५ मणके असून त्यांच्या खालचे मणके प्रौढपणी एकजीव झालेले असतात. या मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू कमरेपर्यंत उतरतो. मेंदूची आज्ञा हातापायांस पोचविण्याचा व स्पर्शाची वार्ता मेंदूकडे नेण्याचा हाच मार्ग होय. मोडलेले हाड सांधते. परंतु तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत् जोडण्याचा उपाय वैद्यकास अद्याप सापडलेला नाही. म्हणूनच येथे शस्त्र चालविणाऱ्याचे शिक्षण कसे व्हावे, हा प्रश्न केवळ वैद्यांपुरता मर्यादित राहत नाही.

दोन वाटा

भारतात या शस्त्रक्रियेकडे दोन वाटांनी जाता येते. एक वाट अस्थिरोगशास्त्राची व दुसरी मज्जासंस्थेच्या शल्यशास्त्राची. पहिल्या वाटेने आलेल्यास हाडांची बळकटी, वक्रता व धातूच्या पट्ट्या-स्क्रू यांचे ज्ञान अधिक असते. दुसऱ्यास सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू हाताळण्याची सवय अधिक असते. रोग मात्र ही विभागणी जाणत नाही. क्षयाने पोखरलेला मणका ढासळतो तेव्हा हाडाचा आधार जातो व मज्जारज्जूही दाबला जातो. यास्तव पदव्युत्तर शिक्षणानंतर पृष्ठवंशाच्या विशेष शिक्षणाची सोय झाली आहे. अशा शिक्षणात विद्यार्थ्याने आपल्या मूळ शाखेबाहेरील विभागात काही महिने काम करणे अनिवार्य असावे.

हाताचे कौशल्य

मणक्याचा पुढील भाग व मागील कमान यांना हाडाचे दोन अरुंद खांब जोडतात. या खांबांतून स्क्रू बसविण्याची पद्धत पॅरिस येथील रॉय-कॅमिल यांनी १९६३ पासून रूढ केली. पाठीच्या मधल्या मणक्यांत हा खांब अवघा काही मिलिमीटर रुंद असतो. स्क्रू आत सरकल्यास मज्जारज्जूला व फार पुढे गेल्यास मोठ्या रक्तवाहिन्यांना धोका पोचतो. असे काम प्रथमच जिवंत रुग्णावर करून शिकणे योग्य नव्हे. विद्यार्थ्याने आधी कृत्रिम मणक्यावर, मग मृतदेहावर, नंतर गुरूच्या देखरेखीखाली एकेक टप्पा करावा व शेवटी संपूर्ण शस्त्रक्रिया करावी. त्याने काय पाहिले, कशात साहाय्य केले व काय स्वतः केले, यांची वेगवेगळी नोंद हवी. केवळ वर्षे मोजल्याने हे कळत नाही. दोन वर्षांत एखाद्यास पुष्कळ वक्र पृष्ठवंश पाहावयास मिळतील, पण मानेचा अस्थिभंग एकही मिळणार नाही.

शस्त्र केव्हा धरू नये

कौशल्याइतकेच महत्त्व निर्णयाला आहे. मणक्याच्या क्षयाचे वर्णन इंग्लंडमध्ये पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली केले. हाँगकाँग येथे हॉजसन व स्टॉक यांनी रोगट भाग समोरून काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती १९५६ साली प्रसिद्ध केली. उलट वाराणसी येथील डॉ. सु. म. तुली यांनी १९७५ साली ‘मध्यम मार्गा’चे फलित मांडले : प्रथम क्षयरोधी औषधे द्यावीत व त्यांनी पुरेसा गुण न आल्यास किंवा लुळेपणा न हटल्यासच शस्त्रक्रिया करावी. अनेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात, हे त्यातून दिसून आले. कमरेची चकती सरकून पायात कळ येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांनाही काही आठवड्यांत आपोआप आराम पडतो. मात्र त्याच रुग्णाचा लघवीवरील ताबा सुटला किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर विलंब घातक ठरतो. हा भेद ओळखता येतो की नाही, हे परीक्षेत कसून पाहिले पाहिजे.

परिणामाची पारख

शल्यचिकित्सकाचे शिक्षण टाके काढण्याबरोबर संपत नाही. रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी कसा चालतो, कामावर गेला की नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः तपासले पाहिजे. काही माणसांत कमरेच्या मणक्यांची संख्या नेहमीपेक्षा कमीअधिक आढळते. त्यामुळे भलत्याच मणक्यावर शस्त्रक्रिया होण्याचा संभव असतो. मणका निश्चित करण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळीच क्ष-किरण चित्र घेण्याची शिस्त अंगी बाणली पाहिजे. जे बिघडले, त्याची दोषारोप न करता विभागाच्या सभेत चर्चा व्हावी.

पुनर्वसनाचा अनुभव तितकाच आवश्यक आहे. डॉ. मेरी व्हर्गीस यांचे कमरेखालील शरीर १९५४ सालच्या मोटार-अपघातात लुळे पडले. तरीही चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या व पुढे पुनर्वसनाचे कार्य उभारले. मज्जारज्जूची हानी भरून आली नाही, तरी रुग्णाचे जीवन उभे करता येते. ज्या विद्यार्थ्याने हे जवळून पाहिले आहे, तो शस्त्रक्रियेचा सल्ला देताना रुग्णाच्या पुढील आयुष्याचाही विचार करील.