इंडक्शन शेगडीवर कोणती भांडी चालतात, आणि काळजी काय घ्यावी?

इंडक्शनची काच स्वतःहून तापत नाही. तिच्याखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातले बदलते चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण करते. म्हणून बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला, तरच ते भांडे चालते. साधी अ‍ॅल्युमिनियमची कढई, पितळेचे पातेले तिथे निरुपयोगी. स्टीलचेही प्रत्येक भांडे चालेलच असे नाही. बूड सपाट हवे.

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटला लावल्यास प्लग वितळू शकतो. १६ अँपिअरचा पॉइंटच हवा. फोडणीचे तेल पातळ बुडात बघता बघता धुरावते, तेव्हा आच कमीच ठेवावी. भांडे उतरवल्यावरही काच चटका देण्याइतकी गरम असते. आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.