धक्का खांद्याचा, भुर्दंड कानांचा

असा माझ्या उजव्या हाताला बस. डावीकडून बोललास तर निम्मं निसटतं. ते का, हेच आज तुला सांगायचंय.

रायफल घेतलीस हे काकूकडून कळलं. .३०० विनचेस्टर मॅग्नम, आणि नळीच्या तोंडाला मझल ब्रेक. दुकानदार म्हणाला असेल, धक्का जाणवतच नाही. खोटं नाही बोलला तो. मीही असंच ऐकून तीच रायफल घेतली होती. पण ऑक्टोबरात फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात एल्कमागे जाण्याआधी दुकानात न सांगितलेलं ऐकून घे. आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे माझ्या पिढीला घरात कुणी हे शिकवलं नाही. कॉलेजात एन.सी.सी.ची .२२ चालवली तेवढीच. बाकीचं इथे कोलोराडोत शेजारच्या म्हाताऱ्या रँचरनं शिकवलं, आणि काही मी नुकसान करून घेऊन शिकलो.

आधी ब्रेक काय करतो ते समजून घे. तुझ्या काडतुसात साधारण १८० ग्रेनची गोळी आणि सत्तर ग्रेनच्या आसपास दारू. जळलेल्या दारूचा वायू गोळीमागून तिच्याहूनही वेगानं बाहेर पडतो. गोळी आणि वायू पुढे, म्हणून रायफल मागे. ब्रेकच्या भोकांतून तो वायू आडवा आणि थोडा मागे वळतो, आणि जाता जाता रायफलला पुढे ओढतो. साडेआठ पाउंडांची .३०० खांद्यावर पंचवीसेक फूट-पाउंडांनी आदळते. चांगला ब्रेक लावला की पंधरा-सोळावर येते, म्हणजे साध्या .३०८ एवढी. मॅग्नममध्ये दारू जास्त म्हणून ब्रेकचा फायदाही जास्त. इथवर सगळं छान.

पण तो वायू म्हणजेच आवाज, आणि तो आता तुझ्याकडे आणि शेजारच्याकडे वळलाय. साध्या रायफलचा बार १६० डेसिबलच्या वर असतो. अचानक होणाऱ्या आवाजाला कानाची मर्यादा १४० मानतात. ब्रेक त्यात आणखी पाच ते दहा घालतो. दहा डेसिबल म्हणजे दसपट ऊर्जा, हे विसरू नकोस. कानातले बारीक केस एकदा मोडले की परत उगवत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षं गोळीबार लागत नाही, एक बारही पुरतो.

माझ्या बाबतीत दोन-चार बार पुरले. त्यातला एक सांगतो. एका पडलेल्या झाडाआड आम्ही दोघं पालथे पडलो होतो, समोर दोनशे यार्डांवर नर एल्क. इअरप्लग खिशात होते, कारण फांदी मोडल्याचा आवाज ऐकायचा होता. जोडीदार माझ्या डाव्या हाताशी. मी चाप ओढला, एल्क पडला, आणि माझा मित्र दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. कितीतरी दिवस त्याचा कान वाजत होता. मला एक शब्द बोलला नाही तो. पुढच्या वर्षापासून मात्र दुसऱ्यांबरोबर जायला लागला. ते मला आजही लागतं. मी त्याला विचारलं नव्हतं, कान झाक म्हणून सांगितलंही नव्हतं.

उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून आधी डावा जातो. त्यातही बारीक, उंच आवाज आधी जातात. मला माणसाचा आवाज येतो, शब्द येत नाही. स, श, फ गळून पडतात. नात फोनवर साठ म्हणाली की मला आठ ऐकू येतं. आणि कानात रातकिडा आहेच, भर दुपारीसुद्धा.

तेव्हा कानाची तजवीज अशी. फोमचा प्लग नुसता कानात खुपसू नकोस. बोटांनी वातीसारखा बारीक वळ, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेव. रेंजवर त्याच्यावर इअरमफही चढव. मफच्या गादीखाली चष्म्याची काडी किंवा टोपीची कड आली की फट पडते, तेवढी फट पुरते. डोंगरात इलेक्ट्रॉनिक मफ घाल, हळू आवाज मोठा करून देतात आणि बाराला बंद होतात. दस्त्याला अडणार नाही असा चपटा घे. पैसे वाचवायचे असतील तर स्कोपवर वाचव, यावर नको.

सोबत्याला बाजूला उभं करू नकोस, ब्रेकच्या रायफलला ती सगळ्यात वाईट जागा. नेमका मागे ठेव, आणि त्याचे कान झाकलेले दिसल्याशिवाय चापावर बोट नाही. रेंजवर शेवटचं टेबल घे. पालथा पडलास तर खालच्या भोकांतून धूळ उडते आणि गोळी कुठे लागली तेच दिसत नाही.

आता धक्क्याचं. माणूस धक्क्याला जेवढा भितो त्याहून जास्त आवाजाला दचकतो, म्हणून कान नीट झाकले की निम्मी भीती जाते. दस्ता गळपट्टीचं हाड आणि खांद्याचा गोळा यांच्या मधल्या खळग्यात घट्ट ओढून धर. दस्त्याची लांबी तुझ्या हाताला जुळते का बघ, रबराचं चांगलं पॅड लाव. टेबलावर वाकून बसू नकोस, ताठ बस, म्हणजे अंग मागे हलायला जागा राहते. एका बैठकीला मॅग्नमच्या दहा गोळ्या खूप झाल्या. दचकतोस का हे तुझं तुला कळणार नाही. रँचरनं माझ्या रायफलमध्ये मला न सांगता मधेच खोटं काडतूस भरलं होतं. चाप ओढला, बार झाला नाही, आणि नळीचं तोंड खाली गेलेलं दोघांनी पाहिलं. माझे कान तापले. पण त्यानंतर मी घरी रोज रिकाम्या रायफलवर चापाचा सराव केला. रिकामी आहे का, ते डोळ्यानं आणि बोटानं दोनदा बघून.

एवढी मोठी रायफल लागतेच असंही नाही. इथला नियम एल्कला .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड एवढंच मागतो. ती झाली किमान मर्यादा. माझ्या मते .३०८ उत्तम. ६.५ क्रीडमूर त्याहून सौम्य, अंतर मात्र आवरतं घ्यावं. ही ठेवायचीच असेल तर ब्रेकच्या जागी सप्रेसर लाव. धक्काही कमी करतो आणि आवाज वीस-तीस डेसिबलनी उतरवतो. इथे शिकारीला चालतो. त्याच्यावरचा १९३४ च्या कायद्याचा दोनशे डॉलरचा कर २०२६ च्या जानेवारीपासून शून्य झालाय, नोंदणी आणि बोटांचे ठसे आहेतच. तरीही प्लग घालायचाच.

ब्रेक काढलास की गोळी वेगळ्या जागी लागेल, तेव्हा नेम नव्यानं बांधावा लागेल. नळीचे आटे झाकायची टोपी खोक्यात असेल, ती शोध. शनिवारी सकाळी ये, पाना मी आणतो.