गोकर्णीचा निळा चहा आणि पाटीवरचा दावा

प्रश्न : हरमलच्या एका कॅफेत गोकर्णीच्या फुलांचा निळा चहा मिळतो. लिंबू पिळलं की तो जांभळा होतो. ‘ग्रीन टीपेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट’ असं तिथल्या पाटीवर लिहिलं आहे. हे खरं का? आमच्या कुंपणावर निळी गोकर्ण आहे, माहेरी डिचोलीला पांढरी आहे. दोन्हींचा चहा सारखाच गुणकारी का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : पाटीवरचं वाक्य खरं नाही. गोकर्णीत अँटिऑक्सिडंट नक्की आहेत, पण ग्रीन टीशी तिची बरोबरी होत नाही. ग्रीन टीच्या सुक्या पानांच्या वजनात साधारण पाव ते तिसरा हिस्सा पॉलिफिनॉलचा असतो. गोकर्णीच्या सुक्या फुलांत ते प्रमाण बरंच कमी. शिवाय कपात पडतात पाच-सहा फुलं. सुकल्यावर ती हातावर घेतली तर वजनही जाणवत नाही.

तरीही हे फूल रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार देखणं आहे, आणि तुमच्या लिंबाच्या थेंबातच त्याची गोष्ट दडली आहे. निळ्या पाकळीतला रंग टर्नाटिन या द्रव्यांचा. ती अँथोसायनिनांच्या कुळातली. जांभळाचा, वांग्याच्या सालीचा, भिरंडाचा रंगही याच कुळातला. बहुतेक अँथोसायनिनं आंबट नसलेल्या पाण्यात टिकत नाहीत. पाण्याचा रेणू त्यांच्या मधल्या कड्याला चिकटतो आणि रंग उडतो. टर्नाटिनांची रचना वेगळी आहे. मध्ये डेल्फिनिडिन, त्याला तीन ठिकाणी ग्लुकोज जोडलेलं, आणि दोन बाजूंच्या ग्लुकोजांना पुढे कुमारिक आम्लाच्या साखळ्या. या साखळ्या दुमडून मधल्या कड्यावर येतात. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला झावळ्या बांधतात ना, तशा त्या पाण्याला आत शिरू देत नाहीत. म्हणून साध्या गरम पाण्यातही निळाई टिकते. लिंबू पिळलं की आम्लामुळे रेणूचं रूप बदलतं आणि चहा जांभळा, आणखी पिळलं तर गुलाबीकडे झुकणारा होतो. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकलात तर हिरवट दिसेल. मुलांना हे जरूर करून दाखवा.

आता डिचोलीची पांढरी गोकर्ण. वेल तीच, जातही तीच. पण जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या रंगांच्या पाकळ्या तपासून २००३ साली जे प्रसिद्ध केलं, त्यानुसार पांढऱ्या फुलात अँथोसायनिन नसतं. केम्फेरॉल, क्वेर्सेटिन अशा फ्लेवोनॉलांची संयुगं मात्र निळ्यातही असतात आणि पांढऱ्यातही. तेव्हा पांढऱ्या फुलांचा चहा अगदीच निर्गुण नाही, पण ज्या टर्नाटिनांचं कौतुक चाललं आहे ती त्यात नाहीत.

पोटात गेल्यावर काय होतं, हा खरा प्रश्न. परीक्षानळीत एखादं द्रव्य चांगलं अँटिऑक्सिडंट ठरलं म्हणजे ते रक्तात तसंच पोचतं असं नाही. अँथोसायनिनांचा फारच थोडा भाग जसाच्या तसा शोषला जातो. बाकीच्याचे आतड्यातले जिवाणू तुकडे करतात. माणसांवरचा एक नेटका प्रयोग बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातून २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ निरोगी पुरुषांना फुलांचा एक किंवा दोन ग्रॅम अर्क ४०० मिलिलिटर पाण्यातून दिला. रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता त्यानंतर काही काळ वाढली. ५० ग्रॅम साखरेबरोबर अर्क दिला तेव्हा रक्तातली साखर नुसत्या साखरपाण्याच्या मानाने कमी चढली. आशादायक आहे. पण माणसं पंधरा, परिणाम काही तासांचा, आणि दिला तो अर्क. तुमच्या कपातल्या पाच-सहा फुलांत तेवढी मात्रा उतरत नाही.

बुद्धी वाढते, स्मरणशक्ती सुधारते, हेही या चहाच्या नावावर खपवलं जातं. आयुर्वेदात अपराजितेची, म्हणजे गोकर्णीची, ख्याती आहे ती मुख्यतः मुळाची. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात उंदरांवर प्रयोग झाले (२००१ साली ते प्रसिद्ध झाले), तेही मुळाच्या अर्काचे. मुळाची कीर्ती फुलाच्या चहाला चिकटवणं मला अप्रामाणिक वाटतं. फुलांचं निळं पेय थायलंडमध्ये जुनं, मलेशियात त्याने भात रंगवतात. आपल्याकडे हे फूल देवाला वाहायचं. चहा आला तो अलीकडे.

सुरक्षिततेबद्दल दोन टोकं दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली या फुलाचा अर्क खाद्यरंग म्हणून मान्य केला. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली सुकी फुलं बाजारात आणण्याच्या अर्जावर मात्र आक्षेप घेतला. या वेलीत सायक्लोटाइड नावाची प्रथिनांसारखी द्रव्यं आहेत, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्यांच्या कीटकनाशक गुणावर ऑस्ट्रेलियात पिकांसाठी फवाराही तयार झाला आहे. अधूनमधून एखादा कप घेणाऱ्याने याने घाबरून जाऊ नये. पण गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा पायंडा पाडू नये.

चहा घरीच करा, विकतच्या पुडीची गरज नाही. फुलं सकाळी खुडा, देठाकडचा हिरवा भाग काढा, धुऊन सावलीत सुकवा आणि उजेड लागणार नाही अशा बरणीत ठेवा, कारण उजेडाने आणि उष्णतेने रंग उतरतो. चहाच्या पत्तीसारखं उकळत बसू नका. गरम पाण्यात चार-पाच मिनिटं पुरेत. डिचोलीत खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याकडेच्या कुंपणावरची धुळकट फुलं घेऊ नका, आणि औषध मारलेल्या बागेतली तर नकोच.

हा चहा रंगासाठी प्या, कॅफिन नसतं म्हणून संध्याकाळी प्या. अँटिऑक्सिडंटसाठीच काही प्यायचं असेल तर आपल्या भिरंडाचं आगळ पाण्यात घालून प्या, मीठ मात्र बेताचं. त्यात अँथोसायनिनं आहेत, आणि भिरंडाच्या सालीत गार्सिनॉल हे स्वतंत्र अँटिऑक्सिडंटही आहे. आणि गोकर्णीच्या शेंगा मुलांच्या हाती लागू देऊ नका; तिच्या बिया पोटात गेल्या तर जुलाब होतात.