माती परीक्षण प्रयोगशाळा चालविताना

औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या कामाला येताना बरेच जण सोबत मातीची पिशवीही घेऊन निघतात. ती शहरातील प्रयोगशाळेत दिली की संध्याकाळच्या गाडीपूर्वी अहवाल हातात पडावा, अशी अपेक्षा असते. तो मिळत नाही. काळी चिकण माती सावलीत वाळायलाच चार-पाच दिवस लागतात. नंतर ती कुटून २ मि.मी. चाळणीतून चाळावी लागते आणि मगच तपासणी सुरू होते.

एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सें.मी. थर सुमारे २२ लाख किलो भरतो. त्यातून आपण अर्धा किलो माती आणता आणि स्फुरद तपासण्यासाठी आम्ही त्यातली अडीच ग्रॅम घेतो. म्हणून प्रयोगशाळाप्रमुखाची सर्वांत मोठी अडचण त्याच्या हाताबाहेर, शेतातच असते. युरियाच्या रिकाम्या गोणीत आणलेली माती, बांधाजवळची किंवा उकिरड्याच्या जागेची माती कितीही काळजीने तपासली तरी आकडा खोटाच येणार. जस्ताची तपासणी करावयाची असेल तर जस्ती घमेलेसुद्धा घात करते.

दुसरी अडचण हंगामाची. डिसेंबरात टेबले रिकामी असतात आणि मे महिन्यात पिशव्या ठेवायला जागा उरत नाही. वीज गेली की उपकरण पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. ऊर्ध्वपातित पाणी तयार करताना ते थंड करण्यासाठी त्याच्या कितीतरी पट साधे पाणी वाहून जाते, आणि या शहरात नळ काही दिवसांआड येतो! काचसामान धुणाऱ्या माणसाला लोक मदतनीस म्हणतात. आमच्या मते निम्मी प्रयोगशाळा त्याच्यावर चालते. स्फुरदयुक्त पावडरीने धुतलेले चंबू नीट खळबळले नाहीत, तर तुमच्या जमिनीत नसलेले स्फुरद अहवालात दिसते.

ही चूक पकडण्यासाठी नमुन्यांच्या प्रत्येक गटाबरोबर एक कोरी चाचणी आणि आधी माहीत असलेली एक माती तपासतात. माहीत असलेल्या मातीचा आकडा जुळला नाही, तर अख्खा गट पुन्हा करावा लागतो. बाहेर शेतकरी खोळंबलेले असतात आणि पेरणी तोंडावर असते. अशा वेळी काम परत करायला सांगणे कोणालाच आवडत नाही. पण प्रमुखाची खरी परीक्षा इथेच असते. चुकीच्या आकड्यावर आपण डीएपीच्या गोण्या विकत घेणार असता, आणि ५० किलोच्या एका गोणीत २३ किलो स्फुरद असते.

समाधानही याच कामातून मिळते. तीन वर्षांपूर्वीचा अहवाल जपून ठेवून त्याच गटाचा नवा नमुना घेऊन कोणी येतो, तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलता येते. दरवर्षी डीएपी टाकून हेक्टरी उपलब्ध स्फुरद ३५ किलोच्या वर गेले असेल, तर खताचा खर्च कमी करा, असे ठामपणे सांगता येते. मोसंबीची पाने पिवळी पडली म्हणून आलेल्या बागायतदाराला लोह टाकण्याआधी चुनखडीचे प्रमाण दाखविता येते, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. सेंद्रिय कर्ब मात्र संथ वाढतो. एका वर्षात तो दुप्पट झालेला दिसला तर आम्ही आनंदण्याऐवजी नमुना पुन्हा तपासतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. तिच्यात बागायतीत २.५ हेक्टरमागे आणि जिरायतीत १० हेक्टरमागे एक नमुना धरला गेला. तेव्हा आपल्या पत्रिकेतील आकडा शेजाऱ्याच्या शेतातलाही असू शकतो. फळबाग लावण्यापूर्वी तरी स्वतःचा स्वतंत्र नमुना द्यावा. गावपातळीवर प्रयोगशाळा काढण्याचा विचार करणाऱ्या तरुणांनी व गटांनी यंत्राच्या किमतीआधी पाणी, वीज आणि वर्षभर नमुने कोठून येतील याचा हिशेब मांडावा.

नमुना शक्यतो रब्बीचे पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी घ्यावा. एकसारख्या जमिनीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सें.मी. खोल व्ही आकाराचे खड्डे करून कडेची माती खरवडावी. ती एकत्र मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. कापडी पिशवीत नाव, गट क्रमांक, आधीचे व पुढचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाकावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, ओल्या मातीत शाई पसरते.