आव्हिन्योंचा वाडा आणि एक आज्ञापत्र

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागी, रोन नदीच्या काठी, आव्हिन्यों नावाचे शहर आहे. इ. स. १३०९ पासून १३७७ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडल्यास, पोप रोम सोडून याच शहरी राहत असत. त्यांचा वाडा अद्यापि उभा आहे. तो आम्ही पाहिला, तेव्हा प्रथम मनात आले की, हे मेंढपाळाचे घर की राजाचा किल्ला? उंच बुरूज, जाड भिंती, प्रशस्त भोजनशाळा. आणि खजिन्याच्या खोलीत तर फरशीखाली धन लपविण्याच्या जागा!

वाड्याचा जुना भाग बारावा बेनेडिक्ट याने १३३५ साली आरंभिला. तो मठातून आलेला संन्यस्त पुरुष होता. त्याचे बांधकामही साधे आहे. नवा भाग सहावा क्लेमेंट (१३४२–१३५२) याचा. त्याच्या अभ्यासाच्या खोलीत भिंतींवर शिकारीची व मासे धरण्याची चित्रे आहेत. त्याने १३४८ साली हे शहरच नेपल्सच्या राणीपासून ८०,००० सोन्याची नाणी देऊन विकत घेतले.

त्याच वर्षी शहरात महामारी आली व असंख्य माणसे मेली. तेव्हा लोकांत आवई उठली की, यहूद्यांनी विहिरींत विष घातले. विहिरीच्या निमित्ताने माणसांचा छळ कसा होतो, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ऐषआरामात राहणाऱ्या याच क्लेमेंटने आज्ञापत्रे काढून त्या दुबळ्या लोकांची बाजू घेतली. त्याने दाखवून दिले की, यहूदीही या रोगाने मरत आहेत, आणि जेथे एकही यहूदी नाही तेथेही रोग आहे; मग दोष त्यांचा कसा? पुष्कळ ठिकाणी त्याचे कोणी ऐकिले नाही. स्ट्रासबुर्ग शहरी १३४९ च्या फेब्रुवारीत शेकडो यहूदी जाळण्यात आले. तथापि पोपच्या स्वतःच्या प्रदेशात त्यांस आसरा मिळाला.

वाड्याचे पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकात तेथे शिपायांची छावणी होती. शिपायांनी भिंतींवरील चित्रांचे तुकडे काढून विकले. १९०६ साली छावणी उठली. आज पुष्कळशा खोल्या रित्या आहेत. प्रवासी येतात, पाहतात व जातात.

बंधुभगिनींनो, त्या भोजनशाळेने कोणाचा जीव वाचला नाही, आज्ञापत्राने वाचला. ते लिहावयास सोने लागले नाही. खरे काय ते पाहण्याची बुद्धी व ते बोलण्याचे धैर्य लागले. आमच्या हाती वाडा नाही, पण गावच्या पारावर बोलावयास तोंड आहे.

मननासाठी प्रश्न : (१) एखाद्यावर खोटा आळ आला असता आपली मंडळी काय करिते? (२) आपल्या मंडळीच्या पैशाचा कोणता भाग भिंतींस जातो व कोणता माणसांस?